द्विवचन

नोवा गोरित्सा. स्टेशनासमोरच्या चौकात
फरशीवरच सरहद्दीची खूण आहे.
लोक एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढतात.
मिलॉय्का हुमार रोज पाव घेऊन तिथून जाते
आणि खाली पाहत नाही.
तिची सरहद्द घरी, टेबलावर:
डाव्या चौकटीत स्लोव्हेन, उजव्या चौकटीत इटालियन.

पूर्वी उजवी बाजू कोरी यायची.
आता भरून येते.
यंत्राने आधीच चाखलेलं, उष्टं वाक्य;
हिने फक्त खडे वेचायचे.
दर: शब्दाला दोन सेंट,
तोही हात लावलेल्या शब्दांनाच.
मिलानची कंपनी म्हणते,
न बदललेलं वाक्य म्हणजे न केलेलं काम.
ती भांडली. दोन लांबलचक ईमेल लिहिले.
मग वॉशिंग मशीनची एकशेचाळीस पानी पुस्तिका
निमूट करून दिली.

खरं सांगायचं तर ते वाईट लिहीत नाही.
मंगळवारी गळती थांबवणाऱ्या एका चकतीसाठी
त्याने असा शब्द काढला
जो हिला वीस वर्षांत सुचला नव्हता.
ती हळूच "बरं" म्हणाली,
शेजाऱ्यांच्या मांजराला म्हणावं तसं.

गुरुवारी विम्याची फाइल.
टॉलमिनच्या वरचं गाव, गारपिटीत फुटलेलं छप्पर.
अर्जदार अलोयझ क्रागेल्य, वय एक्क्याऐंशी.
चौकट सहा, घरात राहणाऱ्या व्यक्ती: एक.
चौकट सात, पत्नी: मृत, चार वर्षांपूर्वी.
आणि खाली, त्याच्या शब्दांत, गेल्या ऑगस्टची हकिकत:

आम्ही दोघं जेवत होतो तेव्हा आवाज आला.
आम्ही दोघांनी बादल्या पोटमाळ्यावर नेल्या.
आम्ही दोघं आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत.

त्या भाषेत एकाचं रूप वेगळं, पुष्कळांचं वेगळं,
आणि नेमक्या दोघांसाठी तिसरं.
मिद्वा. तिसरा माणूस आला की ते मोडतं,
एक गेला की मोडायला हवं.
(मराठीचं ते रूप संस्कृतातून येताना वाटेतच सांडलं.
मी "आम्ही दोघं" लिहितोय ती उसनवारी आहे;
त्यांच्याकडे अख्खी जोडी
क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात मावते.)

यंत्राने सगळीकडे लिहिलं होतं: नोई.
आम्ही. म्हणजे दोन, पाच, अख्खी ग्रामसभा.

तिने "आम्ही दोघे" असं केलं, इटालियनमध्ये.
आणि तिला दिसला ऊदिनेच्या कचेरीतला कोणी,
पेन्सिलने खूण करताना:
वर एक, खाली दोन. खुलासा मागवावा.
तिने ते पुसलं.
"मी" लिहून पाहिलं.
पोटमाळ्याच्या जिन्यावर
बादलीची दुसरी कडी धरलेली बाई
हात सोडून गेली.
तेही पुसलं.

खिडकीबाहेर मालगाडी जाईतो ती तशीच बसली.
चहा गार झाला. साय धरली त्याच्यावर.

मग तिने यंत्राचा शब्द परत आणला.
ढगळ, बेफिकीर, काही न मोजणारा शब्द,
कोणा थोरल्याच्या ओव्हरकोटासारखा;
आत एक आहे की दोन, बाहेरून कळत नाही.
त्याने तो नकळत शिवला होता.
तिने कळून तसाच ठेवला.

पडद्याच्या कोपऱ्यात नोंद झाली:
वाक्यं एक्केचाळीस ते त्रेचाळीस.
वेळ एकोणीस मिनिटं.
बदल शून्य. देय शून्य.

पुढचं वाक्य छपराच्या क्षेत्रफळाचं.
साडेचौऱ्याऐंशी चौरस मीटरचे
यंत्राने आठशे पंचेचाळीस केले होते.
तिने स्वल्पविराम जागच्या जागी ठेवला.

दोन सेंट.